पोलीस-जनसंपर्काची भाषा : कर्जत-खालापूरच्या निमित्ताने

‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे महाराष्ट्र पोलीस दलाचे ब्रीदवाक्य. त्यातील दोन्ही पदे चतुर्थ्यंत असून ती केवळ प्रयोजन सांगतात. कर्ता अध्याहृत आहे आणि तो पोलीस आहे. जनता येथे रक्षणाचा विषय म्हणून येते, रक्षणातील सहभागी म्हणून नव्हे. ब्रीदवाक्याकडून याहून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. परंतु लोकांशी संपर्क साधण्यासाठीच योजलेल्या उपक्रमांची घडणही अशीच एकमुखी असेल, तर तिची चिकित्सा आवश्यक ठरते.

२ जानेवारी १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते राज्याच्या पोलीस दलास ध्वज प्रदान झाला. त्याच्या स्मरणार्थ दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वर्धापन सप्ताह साजरा होतो. विद्यार्थ्यांना ठाण्याचे कामकाज दाखविणे, शस्त्रांची ओळख करून देणे, वाहतुकीचे नियम, ‘११२’ हा क्रमांक व सायबर फसवणूक यांविषयी माहिती सांगणे, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. मुंबईशी लोहमार्गाने जोडलेल्या कर्जतच्या किंवा खोपोलीसारख्या औद्योगिक नगराच्या रहिवाशाला ही प्रमाण मराठी परकी वाटत नाही. तेथे हा उपक्रम उपयुक्त आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि, याच दोन तालुक्यांत कातकरी व ठाकर समाजांच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) त्यांच्या बोलींची स्वतंत्र नोंद आहे. शिवाय पावसाळा सरल्यावर पुष्कळ कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामासाठी गाव सोडतात. म्हणजे ज्यांना वेठ आणि उचल यांपासून संरक्षणाची सर्वाधिक गरज, ती माणसे सप्ताहाच्या वेळी बहुधा गावात नसतात. आणि असली तरी त्यांच्या बोलीत त्यांच्याशी कोणी बोलेलच, याची शाश्वती नसते. भाषेचा प्रश्न येथे कालगणनेचाही प्रश्न होतो.

ही दरी सांधू शकणारी व्यक्ती कायद्याला अपरिचित नाही. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमलेला पोलीस पाटील गावच्या बोलीत वावरणारा असतो. परंतु त्याची कर्तव्ये वाचली असता माहितीचा ओघ प्रामुख्याने एकाच दिशेने वाहताना दिसतो : मागितलेली माहिती पुरविणे, गुन्ह्यांची स्थिती कळविणे, लोकांचे आरोग्य व सर्वसाधारण परिस्थिती यांविषयी दंडाधिकाऱ्यांना अवगत ठेवणे. वाडीचे म्हणणे ठाण्याच्या भाषेत आणि ठाण्याचे म्हणणे वाडीच्या बोलीत नेणे, हे दुभाषाचे काम तो व्यवहारात करीत असला तरी कर्तव्यांच्या यादीत त्याला नाव नाही. ज्या कामाला नाव नाही, त्याचे शिक्षणही नसते आणि मूल्यमापनही नसते.

१५ ऑगस्ट २००७ पासून राबविलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने संवादाला ग्रामसभेत स्थान दिले, हा तिचा मोठा विशेष. मात्र ‘तंटामुक्त’ हे विशेषण पूर्ण झालेली अवस्था दर्शविते. तडजोड ही तर प्रक्रिया आहे. पारितोषिक अवस्थेला मिळू लागले की तंटा मिटविणे आणि तंटा न बोलणे यांतील भेद पुसट होण्याचा धोका संभवतो. दुर्बळ पक्षाचे मौन हे शांततेचे लक्षण मानता येत नाही.

सारांश, उपक्रमांची संख्या वाढविण्यापेक्षा त्यांची वाक्यरचना बदलणे अधिक निकडीचे आहे. वाड्यांतील भेटी स्थलांतरापूर्वी, पावसाळ्यातच व्हाव्यात. हंगामात त्या भट्ट्यांवर व्हाव्यात. आणि पोलीस पाटलाच्या कर्तव्यांत दुभाषाचे काम स्पष्टपणे नोंदवावे. किती लोकांना सांगितले, याबरोबरच किती लोकांचे ऐकले, याचीही नोंद ठाण्याच्या दप्तरात झाली, तरच जनसंपर्क या सामासिक शब्दातील ‘जन’ या पदाला अर्थ प्राप्त होईल.