‘हुबेहूब’ या शब्दाविषयी

आजचा विषय शिल्पकलेचा आहे आणि आम्ही शिल्पकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. निवृत्तीनंतर दोन वर्षे आम्ही मातीत माणसाचे डोके घडवायला शिकत होतो. त्यातून एका शब्दाबद्दल शंका आली, ती आज मांडायची आहे. तो शब्द म्हणजे ‘हुबेहूब’.

अलिबागजवळ सासवणे गावी विनायक पांडुरंग करमरकरांचे (१८९१–१९६७) शिल्पालय आहे. आम्ही गेलो होतो तेव्हा बघणाऱ्यांच्या तोंडून हाच शब्द पुन्हा पुन्हा ऐकला. शब्द कौतुकाचा आहे, पण तो नेमके कशाचे कौतुक करतो? हुबेहूब म्हणजे मूळ वस्तूची प्रत. तेवढेच हवे असेल तर सरळ चेहऱ्यावर प्लास्टर लावून साचा काढावा, त्याहून अचूक काय असणार? पण असा साचा कधी पाहिलात तर लक्षात येईल, तो मेलेल्या माणसासारखा दिसतो. डोळे मिटलेले, गाल प्लास्टरच्या ओझ्याने दबलेले. मापे सगळी बरोबर, आणि माणूस गायब.

१८७७ साली रोदँच्या ‘कांस्ययुग’ या पुतळ्यावर हाच आरोप झाला, की याने जिवंत माणसावरून साचा काढला. ज्या सैनिकाला समोर उभे करून काम केले होते, त्याची छायाचित्रे रोदँला पुरावा म्हणून काढून घ्यावी लागली. म्हणजे बघा, ‘हुबेहूब’ ही स्तुती थोडी पुढे नेली की तिचा आरोप होतो.

मग शिकणारा शिकतो तरी काय? आमचेच सांगतो. सळईच्या सांगाड्यावर माती चढवली आणि आम्ही लगेच डोळे, नाक, ओठ करायला लागलो. डोळे फार वर गेले. ते डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, पण केसांखालचे डोके आपण हिशेबात धरतच नाही. कवटीचा मागचा भाग तर आम्ही जवळजवळ कापूनच टाकला होता. शिकवणारे म्हणाले, “सर, तुम्ही नाक करताय. समोर नाक नाहीये, उतार आहेत.” तत्त्वज्ञान शिकवण्यात उभे आयुष्य गेले, पण नाव माहीत असले की वस्तू दिसेनाशी होते, हे आम्हाला मातीने दाखवले. ‘नाक’ ही कल्पना आपल्याला ठाऊक असते. या माणसाचा गाल कुठे संपतो आणि नाक कुठे सुरू होते, ते ठाऊक नसते.

बर्निनीने १६६५ साली पॅरिसमध्ये चौदाव्या लुईचा अर्धपुतळा केला. राजाला त्याने नुसते स्तब्ध बसवून ठेवले नाही. राजा वावरत असताना, बोलत असताना रेखाटने केली, मातीचे नमुने केले, आणि संगमरवर कोरताना ती रेखाटने बाजूला ठेवली. त्याचे एक म्हणणे फार मोलाचे आहे. दगडाला रंग नसतो. म्हणून डोळ्याभोवतीचा काळसरपणा दाखवायचा तर प्रत्यक्षात नसलेली खोली तिथे कोरावी लागते. मातीचेही तेच. बुबुळ काळे असते, खोल नसते, पण मातीत खळगा करून सावली धरावी लागते. साम्य हवे असेल तर कुठेतरी माप सोडावे लागते. याचा अर्थ कॅलिपर फेकून द्यावा, असा नाही हं. माप ज्याला येते त्यालाच ते कुठे मोडायचे हे कळते.

दुसऱ्या वर्षी आम्ही आमच्या दिवंगत थोरल्या भावाचे, अप्पांचे डोके करायला घेतले. छायाचित्रे चार होती, चारही समोरून काढलेली. चेहरा जमला. घरची मंडळी म्हणाली, “अगदी हुबेहूब!” मग फिरते स्टूल वळवले आणि आमचे हात थांबले. कान मानेपासून किती अंतरावर, मागून डोके कसे उतरते, काही म्हणजे काही आठवेना. चाळीस वर्षे एका घरात काढली, पण आम्ही त्यांच्याकडे बाजूने कधी पाहिलेच नव्हते. ते डोके काही दिवस ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. नंतर माती पुन्हा बादलीत गेली.

आपल्या चौकांतले अर्धपुतळे आता आठवा. पुष्कळसे छायाचित्रांवरून केलेले, समोरून पसंत केलेले. बाजूला जाऊन उभे राहा आणि खालची पाटी झाका. कोणाचा पुतळा आहे, सांगता येईल? दोष एकट्या शिल्पकाराचा नाही. आपण मागतोच ते ‘हुबेहूब’, आणि आपल्या मनात त्याचा अर्थ एवढाच असतो, की ओळखीच्या फोटोशी जुळणारे.

व्यक्तिशिल्प शिकणे म्हणजे हात तयार करणे, हे खरेच. पण त्याआधी समोरच्या माणसाकडे चारही बाजूंनी पाहायची सवय लावून घ्यावी लागते, आणि तो माणूस आपल्यात असतानाच ती लावावी लागते. आमचे तेवढे राहून गेले.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर घेऊ.