तिसरीचं पुस्तक आणि मालेगावचा चौक

मालेगाव म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, 'नाशिकचं का?' नाही, आमचं वाशिम जिल्ह्यातलं. यंत्रमागाचं नाही, सोयाबीन-तुरीचं. त्यामुळे मुलांच्या पाठ्यपुस्तकांवर संशोधन करायचं ठरवलं तेव्हा माझा पहिला प्रश्न ठरलेलाच होता : आमचं मालेगाव पुस्तकात आहे का? तुम्ही असा विषय घेणार असाल तर तुमच्याही मनात पहिला प्रश्न बहुधा हाच येईल. प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कसा, ते सांगतो.

बालभारतीची स्थापना १९६७ची. तिच्या पुस्तकांतून शिकलेल्या कित्येक पिढ्यांना एक क्रम पाठ आहे : तिसरीला आपला जिल्हा, चौथीला महाराष्ट्र, मग भारत, मग जग. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जायचं, हे त्यामागचं तत्त्व. त्यासाठी तिसरीला प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं पुस्तक काढलं गेलं. हे काम मोठं आहे, टीका करण्याआधी ते मान्य करा. तालुके, नद्या, पिकं, रस्ते, प्रेक्षणीय स्थळं हे सगळं आठ वर्षांच्या मुलाला त्याच्या भाषेत स्वतःच्या जिल्ह्याबद्दल वाचायला मिळतं. 'आहे का' एवढंच विचारलंत तर उत्तर 'आहे' असं येतं आणि तुमचा प्रबंध तिथेच संपतो.

आता दुसरा प्रश्न विचारा. मुलासाठी 'जवळचं' म्हणजे काय, हे कोणी ठरवलं?

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. म्हणजे मालेगावातल्या आईने तिसरीत 'आपला जिल्हा' म्हणून अकोला वाचला, आणि त्याच घरात, त्याच ओट्यावर बसून तिच्या लेकराने वाशिम वाचला. घर हललं नाही, पुस्तकातलं 'जवळचं' हललं. जिल्हा हा कारभाराच्या सोयीचा भाग आहे. मुलाचं जग त्या रेषेवर थांबत नाही.

मालेगावात तर ते अजिबातच थांबत नाही. अकोल्याहून वाशिम-हिंगोलीकडे जाणारा रस्ता आणि नागपूरहून मेहकरमार्गे संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ता इथेच एकमेकांना छेदतात. चौकात उभं राहिलेलं पोरगं ट्रकच्या पाट्या वाचून सांगतं : एमएच-३७ आपली, ३० अकोल्याची, २८ बुलडाण्याची. त्याचा भूगोल या पाट्यांवर चालतो. पुस्तकातला नकाशा मात्र सहा तालुक्यांनंतर कोरा होतो.

सुरुवातीला मी एक तक्ता केला होता : गावाचा उल्लेख, चित्रातली माणसं, व्यवसाय, आहे किंवा नाही. तो घेऊन एका तिसरीतल्या मुलीसोबत नकाशा बघत बसलो. तिने मालेगाव दाखवलं, शिरपूर दाखवलं. मग विचारलं, 'माहे बाबा पुण्याले हायेत, ते कोठी दाखवू?' माझ्या तक्त्यात या प्रश्नासाठी रकानाच नव्हता. पुस्तकातही नव्हता. दिवाळीनंतर आई-बाप कामासाठी बाहेर जातात अशा घरातल्या मुलासाठी पुणं दूर नसतं. ते रोज संध्याकाळी फोनवर येतं.

तुलनेसाठी एनसीईआरटीचं पाचवीचं 'आस-पास' उघडा. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर आलेल्या मालिकेतलं हे पुस्तक. त्यात धरणामुळे गाव सुटलेल्या आणि शेवटी मुंबईत पोचलेल्या जत्र्याचा धडा आहे. झारखंडच्या जंगलासाठी झटणाऱ्या सूर्यमणीचा आहे. या जागा मालेगावपासून लांब आहेत, तरी त्या मुलीचा प्रश्न जत्र्याच्या धड्याच्या जास्त जवळचा आहे. कारण तिथे स्थलांतर हे एका घराचं जगणं म्हणून येतं. अडचण एवढीच की जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत हे पुस्तक नसतं, आणि ते मराठीतही नाही.

म्हणजे 'जिल्ह्याचं पुस्तक वाईट, ते चांगलं' असा निकाल द्यायचा का? नको. जिल्ह्याच्या पुस्तकाने मुलाला ठिकाण दिलं, दुसऱ्याने माणूस दिला. मुलाला दोन्ही लागतात.

पद्धतीपुरतं एक सांगतो. धड्याचा मजकूर वाचून थांबू नका, खालचा स्वाध्याय वाचा. प्रत्येक प्रश्नापुढे लिहा : याचं उत्तर पुस्तकात आहे, की मुलाच्या घरी? 'जिल्ह्यातील तालुक्यांची नावे लिहा' याचं उत्तर पानावर सापडतं. 'तुमच्या घरातलं कोण कामासाठी बाहेरगावी गेलं आहे?' याचं उत्तर आजीला विचारावं लागतं. पहिल्या प्रकारचे प्रश्न किती, दुसऱ्या प्रकारचे किती, हे मोजलंत की पुस्तकाला मुलाकडून काही ऐकायचं आहे की नाही ते कळतं. मग तोच तक्ता घेऊन एखाद्या मुलासोबत बसा, आणि त्यात एक रकाना मुद्दाम कोरा ठेवा.

माझ्या तक्त्यात तो आता आहे. वर शीर्षक लिहिलंय, 'कोठी दाखवू?'