सांगाती कोण?

शरद पवारांचं ‘लोक माझे सांगाती’ मी दोनदा वाचलं. 2015 साली ते आलं, आणि त्याच सुमारास इंग्रजी आत्मकथन, ‘ऑन माय टर्म्स’. एकात लोक सोबतीला, दुसऱ्यात अटी आपल्या. दोन्ही नावं खरीच म्हणायची.

सगळ्यात जमलाय तो किल्लारीचा भाग. 30 सप्टेंबर 1993ची पहाट. गणपती विसर्जनामुळे मुख्यमंत्री अजून जागेच. मग फोनाफोनी, आणि सकाळी माणूस लातूरला हजर. सरकार कसं हलवायचं ते इथं कळतं. आमच्या ग्रामसेवकानंही वाचावं असं.

पण त्याच वर्षी, त्याच मुख्यमंत्र्यांच्या काळात, आमच्या अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीत सरदार सरोवराचं पाणी शिरत होतं. (तेव्हा जिल्हा धुळे, नंदुरबार 1998चा.) किल्लारीचा माणूस या पुस्तकात जसा भेटतो, तसा मणिबेलीचा भेटत नाही. भूकंप न सांगता आला. हे पाणी तर कागदावर ठरवून आलं. ठरवणाऱ्यांच्या पंगतीत बसलेल्याकडून मला तेच ऐकायचं होतं.

पैशाबद्दलही हात राखलाय. आम्ही शहाद्याकडचे, पुरुषोत्तमनगरचा कारखाना पाहिलेले. उसाच्या वजनकाट्याभोवती पुढारी कसा उभा राहतो हे आम्हाला बाहेरून ठाऊक. बारामतीच्या माणसानं ते आतून सांगायला हवं होतं.

भाषा मात्र साधी, कुठं अडत नाही. प्रत सध्या शेजारच्या बापूंकडे आहे. ते 1978च्या पुलोदपर्यंत आलेत.