मंडाले आणि मराठी प्रवासी

सुरत हे नाव मराठी वाचकाला दोन कारणांनी परिचित आहे. एक, शिवाजी महाराजांनी १६६४ व १६७० या साली केलेली या शहराची लूट; आणि दुसरे, डिसेंबर १९०७ मध्ये तापीतीरी मोडलेले काँग्रेसचे अधिवेशन. या शहरात काही वर्षे काढलेल्या मराठी माणसाला हळूहळू उमगते की, या दोन्ही गोष्टी सुरतेत घडल्या हे खरे असले, तरी त्या सुरतेविषयी फारसे काही सांगत नाहीत. त्या आपल्याविषयी सांगतात. मुलुख परका, पण आठवण आपली, असा हा प्रकार आहे. ब्रह्मदेशासंबंधीच्या आपल्या प्रवासलेखनाचा विचार करू लागले की, हीच खोड तेथे अधिक ठळकपणे दृष्टीस पडते.

सुरत आणि ब्रह्मदेश यांची ही सांगड मी ओढूनताणून घातलेली नाही. सुरतेच्या अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी टिळकपक्षाने ज्यांचे नाव पुढे केले, ते लाला लजपतराय नुकतेच मंडालेच्या स्थानबद्धतेतून सुटून आले होते. आणि त्यांचे नाव पुढे करणारे लोकमान्य सात महिन्यांनी शिक्षा होऊन त्याच मंडालेला जावयाचे होते. १९०८ पासून १९१४ पर्यंत टिळक तेथे कैदेत असताना, मंडालेचा पदच्युत राजा थिबा टिळकांच्या जन्मगावी, रत्नागिरीस, कैदेत होता. इतिहासाने केलेला हा अदलाबदलीचा खेळ मराठी लेखकांना फार आवडतो. थिबाचा राजवाडा म्हटला की मंडाले आठवावे आणि मंडाले म्हटले की थिबाचा राजवाडा, असा जणू आपला पाठच ठरून गेला आहे. योगायोग विलक्षण आहे, यात शंका नाही. परंतु तो सांगून झाला म्हणजे ब्रह्मदेश सांगून झाला, अशी आपली जी समजूत दिसते, ती तपासून पाहण्याजोगी आहे.

१९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या लाकडी कोठडीत 'गीतारहस्य' पेन्सिलीने लिहून झाले. त्या ग्रंथाच्या परिशिष्टात गीता व बौद्ध ग्रंथ यांचा तौलनिक विचार आहे. तो विचार पुण्याहून मागविलेल्या ग्रंथांच्या आधारे झाला, कारण दुसरे साधनच नव्हते. मात्र त्याच वेळी किल्ल्याच्या तटाबाहेर, मंडालेच्या टेकडीच्या पायथ्याशी, मिंडॉन राजाने कोरवून घेतलेल्या ७२९ संगमरवरी शिळा उभ्या होत्या. त्यांवर संपूर्ण त्रिपिटक आहे. कुथोडॉ या नावाने ते स्थान आजही प्रसिद्ध आहे. तटाच्या आत एक महापंडित बौद्ध धर्माची मीमांसा करीत आहे आणि तटाबाहेर तो धर्म दगडावर अक्षरशः लिहिलेला आहे. दोघांची भेट मात्र नाही! ही उणीव टिळकांची नव्हे. कैद्याला खिडकी मिळेल तेवढेच आकाश. प्रश्न आहे तो त्यांच्यामागून मोकळेपणाने, तिकीट काढून गेलेल्या आपल्या प्रवाशांचा. त्यांनी तट ओलांडला का?

या प्रवासवर्णनांचा साचा आता इतका रुळला आहे की, पुढचे प्रकरण वाचण्यापूर्वीच सांगता येते. रंगूनला उतरावे, श्वेडगॉनचे सोने पाहून दिपावे. बगानला सूर्योदयाच्या वेळी असंख्य शिखरे पाहावीत. इन्ले सरोवरात एका पायाने वल्हे मारणाऱ्या कोळ्याचे कौतुक करावे. आणि मंडालेस लोकमान्यांच्या स्मृतीने डोळे ओलावावेत. यातले काहीच खोटे नाही, आणि शेवटचा भाव तर निखळ आहे. पण सारे वर्णन दोन ठिकाणी अडते: एक आपला इतिहास आणि दुसरा आपला देव.

दुसऱ्या अडथळ्याकडे आपले लक्ष कमी जाते. ब्रह्मदेशात पादत्राणे काढण्यावरून युरोपियन लोकांशी मोठा वाद झाला होता. आपल्याला त्याची अडचण नाही; आपण सहज चपला काढतो, आणि त्या काढल्याबरोबर आपण आपल्याच देवळात आलो असे वाटू लागते. लेखक लिहून जातो, 'देवळात जाऊन दर्शन घेतले.' वस्तुतः श्वेडगॉनच्या आत जाताच येत नाही. तो भरीव स्तूप आहे. त्याला गाभारा नाही. बुद्धाचे केस आत ठेवले आहेत अशी श्रद्धा आहे, पण ते पाहावयाचे नाहीत. भोवती फिरावयाचे आहे. स्तूपाच्या भोवती वारांची स्थाने आहेत, आणि वार सात असून स्थाने आठ, कारण बुधवारचे दोन भाग मानतात: सकाळचा सुळेवाल्या हत्तीचा आणि दुपारनंतरचा बिनसुळ्याच्या हत्तीचा. आपण ज्या वारी जन्मलो त्या स्थानी जाऊन माणसे मूर्तीवर पाणी घालतात. 'फया' हा एकच शब्द बुद्धाला, त्याच्या मूर्तीला आणि स्तूपालाही लावतात. 'देऊळ' हा आपला शब्द हे सारे झाकून टाकतो. बगानमध्ये तर भरीव स्तूप आणि आत शिरता येईल अशी मंदिरे, दोन्ही शेजारी शेजारी आहेत. बाराव्या शतकाच्या आरंभीच्या आनंद मंदिराच्या ओवऱ्यांत शिरणे हा स्तूपाला प्रदक्षिणा घालण्याहून अगदी निराळा अनुभव आहे. हा भेद ज्या वर्णनात येत नाही, ते वर्णन कितीही रसाळ असले तरी न पाहता लिहिल्यासारखे वाटते.

यावर असे म्हणता येईल की, आधुनिक मराठी प्रवासवर्णनाने माहितीचे ओझे जाणूनबुजून टाकले आहे. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० साली आले आणि पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' १९६० साली; तेव्हापासून प्रवास करणारे 'मी' हेच या वाङ्मयप्रकाराचे केंद्र झाले. हा लाभ मोठा होता. रुक्ष गॅझेटियरमधून आपली सुटका झाली. तथापि थोरांच्या हाती जे 'मी' जगाला सामोरे जाते, तेच अनुकरण करणाऱ्यांच्या हाती जगाच्या आड येते.

सुरतेत राहून हा विचार टाळता येत नाही. तापीपलीकडच्या रांदेर या गावी ब्रह्मदेश ग्रंथात नाही, ताटात आहे. नारळाच्या दुधातला, शेवयांचा 'खावसा' हा पदार्थ तेथील कुटुंबांनी रंगूनहून आणला. रंगूनमध्ये सुरती व्यापाऱ्यांची मशीद आणि सुरतेच्या नावाचा मोठा बाजार होता. १९३१ च्या शिरगणतीत रंगूनची निम्म्याहून अधिक वस्ती भारतीय होती. १९४२ च्या युद्धकाळात लाखो लोक जंगलवाटांनी पायी परतले, आणि १९६४ च्या सुमारास दुकाने सरकारजमा झाल्यावर उरलेल्यांपैकी असंख्यांनी देश सोडला. व्यापारी माणसाने तरी तो देश निःस्वार्थपणे पाहिला असे मी म्हणणार नाही. पण त्याला तेथील बाजारात उभे राहून भाषा शिकावी लागली, चव शिकावी लागली. आणि जे शिकला ते त्याने घरी आणले.

वाङ्मयाच्या बाबतीतही हे शहर आपल्याला एक गोष्ट सुचविते. सुरतेत जन्मलेल्या महीपतराम नीलकंठांनी १८६४ साली आपल्या इंग्लंडच्या मुशाफरीचे वर्णन प्रसिद्ध करून गुजराती प्रवासवाङ्मयाचा पाया घातला. त्याच गुजरातीत १९३१ साली 'ब्रह्मदेशनो प्रवास' हे पुस्तक आले. त्याचे लेखक काका कालेलकर: जन्माने साताऱ्याचे, गुजरातेने ज्यांना 'सवाई गुजराती' म्हणून गौरविले ते. मराठी माणसाने ब्रह्मदेश पाहिला आणि तो गुजरातीत लिहिला! याची खंत करण्याचे कारण नाही. पण अर्थ शोधण्याचे आहे. दुसऱ्याच्या भाषेत लिहिणाऱ्याला प्रत्येक शब्द पारखून घ्यावा लागतो. 'देऊळ' लिहितानाही तो क्षणभर थांबतो. हा क्षणभराचा थांबा हेच प्रवाशाचे खरे भांडवल आहे.

मंडालेस गेलेल्या मराठी माणसाने टिळकांचे स्मरण करू नये, असे कोण म्हणेल? पण ते स्मरण करून त्याने टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालत जावे आणि त्या ७२९ शिळांपैकी एकीपुढे तरी उभे राहावे. २०२१ च्या लष्करी सत्तांतरानंतर तो देश यादवीने पोळला आहे, आणि २८ मार्च २०२५ च्या भूकंपाने मंडालेतील कितीएक वास्तू ढासळल्या. जे पाहावयाचे राहिले, ते सदैव तसेच उभे असेल असा भरवसा आता धरता येत नाही. प्रवासवर्णनाची कसोटी मला एवढीच वाटते: लेखक परतला तेव्हा त्याच्या भाषेत एखादा नवा शब्द आला काय, किंवा एखाद्या जुन्या शब्दाविषयी त्याला शंका तरी आली काय? तसे झाले नसेल, तर तो कितीही दूर गेला तरी घरीच होता, असे म्हणावे लागेल.