रॉसबी यांचे सूत्र आणि त्याची मर्यादा

इतक्या थोड्या गणितातून इतके मोठे फळ हवामानशास्त्रात क्वचितच हाती आले असेल. कार्ल-गुस्ताफ रॉसबी यांनी १९३९ सालच्या निबंधात पश्चिमी वाऱ्यांतील दीर्घ तरंगांच्या गतीचे जे सूत्र मांडले, त्याचा आशय असा : वारा तरंगाला पूर्वेकडे वाहून नेतो; उलट, पृथ्वीच्या परिवलनाचा प्रभाव अक्षांशागणिक बदलत असल्याने तरंग पश्चिमेकडे सरकू पाहतो, आणि ही पश्चिमगती तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४५ अंश अक्षांशावर वाऱ्याचा वेग सेकंदास १५ मीटर धरल्यास सुमारे ६,००० किलोमीटर लांबीचा तरंग जागीच स्थिर राहतो.

या सूत्राची स्तुती पुष्कळ झाली आहे, व ती रास्त आहे. परंतु ते जेथे फसते, तेच स्थळ दीर्घ मुदतीच्या भाकिताला सर्वांत महत्त्वाचे आहे. त्याच अक्षवृत्तावर दोनच तरंग मावतील इतकी लांबी घेतली, तर सूत्राप्रमाणे ते दिवसाला साडेपाच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर पश्चिमेकडे धावले पाहिजेत. प्रत्यक्षात असे तरंग बव्हंशी जागचे फारसे हलत नाहीत. हा दोष कागदावरच राहिला नाही. गणकयंत्रांनी गोलार्धव्यापी भाकिते होऊ लागली, तेव्हा नकाशांवर अतिदीर्घ तरंग खोटेच पश्चिमेस पळू लागले. १९५८ मध्ये क्रेसमन यांनी समीकरणातच दुरुस्ती सुचविली. वुल्फ यांनी तर ते तरंग बळेच जागी खिळवून टाकले! उपाय ओबडधोबड खरा, पण भाकिते त्याने सुधारली.

वास्तविक या तरंगांना पर्वतरांगा आणि जमीन व समुद्र यांच्या तापमानांतील भेद धरून ठेवतात. चार्नी व एलियासेन यांनी १९४९ मध्ये पर्वतांचा, तर स्मागोरिन्स्की यांनी १९५३ मध्ये उष्णतेचा वाटा गणिताने दाखविला. येथे मूळ निबंधाला न्याय दिला पाहिजे. त्याच्या शीर्षकात तरंगगतीचा उल्लेखच नाही. पश्चिमी वाऱ्यांचे बल बदलले की अल्यूशियन न्यूनभारासारखी अर्धस्थायी केंद्रे का सरकतात, हा त्याचा प्रश्न होता. वाचकांनी सूत्र उचलले आणि प्रश्न मागे टाकला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तो प्रश्न आजही जिवंत आहे. २०१० च्या उन्हाळ्यात पश्चिम रशियावर उच्चभाराचा उंचवटा कित्येक आठवडे ठाण मांडून बसला. तेथे उष्णतेने हाहाकार उडाला, आणि त्याच्या पूर्वेकडील द्रोणीचा पाकिस्तानातील महापुराशी संबंध अभ्यासकांनी जोडला. असा तरंग कोठे आहे हे नकाशावर दिसते. तो केव्हा सुटेल, हे सांगणे मात्र फार अवघड.