काळ ओलांडला, पण सांगायचं कुणाला?

खालापूर तालुक्यात चौकजवळ नितीन देसाई यांनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभारला, आणि काळ मागे नेणं हा कर्जतच्या परिसरात चक्क एक धंदा झाला. ‘जोधा अकबर’साठी तिथे मुघलांचा किल्ला उभा राहिला, ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेसाठी शिवकाळ. त्या दरवाजांतून राजे, राण्या, सरदार असंख्य वेळा गेले. आपल्या काळातून तिकडे जाऊन पडलेला आणि तिथल्या पुरुषावर जीव जडलेला माणूस मात्र मराठी पडद्यावर ठळकपणे आलेला नाही. ‘आय फील यू लिंगर इन द एअर’ या २०२३ च्या थाई मालिकेत नेमकं हेच घडतं. आजचा वास्तुरचनाकार शंभरेक वर्षांपूर्वीच्या चियांग माईत पोचतो आणि तिथल्या एका खानदानी घरातल्या तरुणाच्या प्रेमात पडतो. अशा नायकाजवळ दोन गुपितं असतात, आपण कुठल्या काळातले आहोत हे आणि आपल्याला कोण हवं आहे हे. पहिलं सांगितलं तर वेडा ठरण्याची भीती, दुसरं सांगितलं तर बदनामीची. या प्रकारातलं खरं नाट्य यंत्रात किंवा पोशाखात नसतं. गुपित कुणाच्या कानावर, केव्हा घालायचं, या निर्णयात ते असतं.

मराठीत हा निर्णय नेहमी बोलणाऱ्याच्या गळ्यात घातला जातो. ऐकणाऱ्याची परीक्षा आपण क्वचितच घेतली. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ची, मुलीवर प्रेम करणारी मित्रा स्वातंत्र्यापूर्वीच्या कॉलेजातली. नाटक रंगभूमीवर आलं १९८१ मध्ये, म्हणजे लेखकानेही विषय मांडताना चार दशकांचं अंतर राखलं. मित्रा आपलं सगळं सांगते ते बापूला. तो तिचे निरोप पोचवतो, तिच्यासाठी तळमळतो, आणि शेवटी तिची कहाणी आपल्याला सांगायला उरतो तोही तोच. मित्राचं धैर्य आपण कौतुकाने मोजतो. बापूचं ऐकणं कुठे तोकडं पडलं, हे फारसं कुणी विचारत नाही. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये (२००६) तनय आणि अनुजा एकाच घरातली भावंडं, एकाच पाहुण्यावर भाळलेली. आधी त्याचं कथन, मग तिचं. दोघंही भरभरून बोलतात, पण निघून गेलेल्या माणसाविषयी आणि आपल्यापाशीच. शेजारच्या खोलीतल्या भावंडाशी नाही. कादंबरी पुण्याची होती, २०२२ चा चित्रपट मात्र नव्वदच्या दशकातल्या केरळात गेला. नेपथ्य देखणं झालं, यात शंका नाही. तरी प्रश्न उरतोच, की हे प्रेम दाखवायला गाव आणि काळ बदलण्याची गरज दरवेळी का भासावी?

उलट टोकाचं उदाहरण विज्ञानकथेत सापडतं. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मधले गंगाधरपंत मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या जगात जाऊन येतात. त्या कथेत प्रेमाचा गंधही नाही, पण परतल्यावर त्यांना राजेंद्र देशपांडे भेटतात. ते हसत नाहीत, पुरावा पाहतात आणि उलगडा शोधायला बसतात. असा राजेंद्र आपल्या प्रेमकथांना मिळाला नव्हता. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाने २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळवला, त्याचं कारण मी इथेच शोधतो. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेल्या आनंदला पुरुष आवडतात, हे त्याची आई जाणून आहे. नातेवाइकांना सांगायची थाप मायलेक मिळून सांभाळतात, पण एकमेकांशी खोटं बोलत नाहीत. घरातला प्रामाणिकपणा आणि भावकीपुढचं सोंग यांतला फरक इतक्या शांतपणे मराठीत पूर्वी दिसला नव्हता.

कुणी म्हणेल, अशा कथेत ऐकणाऱ्यावर भार टाकून लेखक बोलणाऱ्याला मोकळं सोडतो आहे. भावकीपुढे, गावापुढे तो मोकळाच असायला हवा. जिवाला धोका असताना गप्प राहणं ही लबाडी नव्हे. प्रियकरापुढे मात्र ती सूट नाही. भविष्यातून आलेल्याला समोरच्याचं पुढे काय होणार हे ठाऊक असेल आणि तो ते झाकून प्रेम करत असेल, तर त्या होकाराला अर्थ किती? दुसरा आक्षेप निर्मात्यांचा, की प्रेक्षक तयार नाही. ‘साबर बोंडं’ त्याच प्रेक्षकासाठी चित्रपटगृहांत लागला, त्यामुळे त्यावर जास्त बोलायला नको. तिसरा आक्षेप वजनदार आहे: जुन्या काळात खरं सांगणं शक्यच नव्हतं, म्हणून अशी कथा इतिहासात नेली की ती मूकच होणार. पण त्यासाठी शिवकाळापर्यंत जावंच कशाला? दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ला लगाम घातला, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम रद्द झालं. पहिल्या दोन निकालांमधल्या चार वर्षांत ज्यांनी घरी खरं सांगितलं, त्यांना एका निकालाने पुन्हा १८६० च्या दंडसंहितेत नेऊन सोडलं. २०१२ च्या खोपोलीतला एखादा तरुण डोळे उघडतो तो २०१४ मध्ये, एवढी कल्पना पुरेशी आहे. तिला किल्ल्याचा सेट लागत नाही. कर्जत लोकलचा डबा, एक भाड्याची खोली आणि दोन वर्षांपूर्वी आपण आईला काय सांगून बसलो हे आठवणारा माणूस एवढ्यावर ती उभी राहील. लिहायचं अवघड पान आईचं आहे, कारण तिने ते ऐकलं तेव्हा कायदा लेकाच्या बाजूचा होता आणि आता नाही.