सोंगातला हिंदुस्थान : लंडनची अर्कचित्रे आणि हेस्टिंग्जचा खटला

अठराव्या शतकातल्या लंडनची राजकीय अर्कचित्रे आपल्याकडे आठवली जातात ती बहुधा एका दाखल्यापुरती. राजाची आणि मंत्र्यांची भररस्त्यात टवाळी करण्याची मोकळीक इंग्रजांना तेव्हाच होती, हे सांगण्यासाठी. दाखला खोटा नाही. जेम्स गिलरेने तिसऱ्या जॉर्जला आणि पंतप्रधान धाकट्या पिटला ज्या अवस्थांत काढले, ते पाहून आजचा संपादकही दचकेल. पण या चित्रांचा एक मोठा गठ्ठा हिंदुस्थानाविषयी आहे, आणि तो पाहताना ‘मोकळीक’ एवढ्या शब्दावर भागत नाही. फॉक्सचे १७८३चे इंडिया बिल आणि वॉरन हेस्टिंग्जवरचा १७८८ ते १७९५ असा सात वर्षे चाललेला महाभियोग, या दोन प्रकरणांवरची चित्रे समोर ठेवून मला एकच प्रश्न विचारायचा आहे. या चित्रांत चेहरा कोणाला मिळाला, आणि नुसता पोशाख कोणाला?

इतिहासाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. एम. डोरोथी जॉर्ज या बाईंनी ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहासाठी केलेली वर्णनात्मक सूची आणि त्याच संग्रहाची आता घरबसल्या पाहता येणारी छायाचित्रे, एवढ्या शिदोरीवर मी हे वाचन केले. मला एका जुन्या कायद्याचीही मदत झाली. चित्रकार होगार्थच्या खटपटीने १७३५ साली कोरीव चित्रांना मालकीहक्क मिळाला. त्यासाठी चित्रावर प्रकाशनाची तारीख छापणे भाग होते. त्यामुळे कोणते चित्र संसदेतल्या कोणत्या भाषणानंतर किती दिवसांनी आले, हे ताडून पाहता येते.

दुसरा कायदा १७३७चा. त्याने प्रत्येक नवे नाटक रंगभूमीवर येण्याआधी लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडे तपासणीला पाठवण्याची सक्ती केली. चित्रांवर अशी पूर्वतपासणी नव्हती. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या, आम्लाने त्या खोल करायच्या आणि शाई भरून कागदावर दाबायचे. हे काम दोन-तीन दिवसांत उरकता येई. साधी प्रत शिलिंगभर, रंगवलेली त्याच्या दुप्पट, हा साधारण भाव. मजुराला तो परवडणारा नव्हता, पण दुकानाच्या खिडकीपुढे उभे राहायला पैसे पडत नसत. नाटकात जे बोलता येत नव्हते ते चित्रात दाखवता येत होते. चित्रकारांनी मग नाटकाचीच भाषा उचलली. गिलरेने पिट, डंडास आणि थर्लो या तिघांना ‘मॅकबेथ’मधल्या चेटकिणी केले (१७९१). डिसेंबर १७९२मध्ये एडमंड बर्कने कॉमन्स सभेत खंजीर जमिनीवर फेकला, तेव्हा दोनच दिवसांनी गिलरेचे चित्र आले आणि त्याचे नाव होते ‘खंजिराचा प्रवेश’. पुढारी म्हणजे नट, संसद म्हणजे नाटकगृह, हे समीकरण लंडनच्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नव्हते.

हिंदुस्थानच्या बाबतीत नाटक चित्राच्या आधी पोहोचले. १७७२ साली सॅम्युअल फूटचे ‘द नेबॉब’ हे प्रहसन हेमार्केटच्या रंगभूमीवर आले. कंपनीच्या चाकरीत गबर होऊन परतलेला, पैशाच्या जोरावर घराणी आणि मतदारसंघ विकत घेऊ पाहणारा इंग्रज त्याचा विषय. अशा माणसाला तिकडे ‘नेबॉब’ म्हणत, म्हणजे आपला ‘नबाब’च. या शब्दातच एक गफलत आहे. लुटणारा इंग्रज, पण त्याच्या लुटीला नाव मिळाले ते हिंदी. जणू हा रोग त्याला तिकडच्या हवेत जडला.

हीच गफलत अकरा वर्षांनी चित्रात उतरली. नोव्हेंबर १७८३मध्ये चार्ल्स जेम्स फॉक्सने कंपनीचा कारभार संसदेने नेमलेल्या मंडळाकडे सोपवणारे विधेयक आणले. ५ डिसेंबरला जेम्स सेयर्सचे चित्र निघाले : ‘कार्लो खानाचा लेडनहॉल स्ट्रीटमध्ये विजयप्रवेश’. लेडनहॉल स्ट्रीटवर कंपनीची कचेरी होती. फॉक्स पौर्वात्य पोशाखात हत्तीवर बसला आहे, हत्तीचे तोंड त्याचा सहकारी लॉर्ड नॉर्थचे आहे, आणि पुढे बर्क तुतारी फुंकत चालला आहे. तुतारीला बंगालचा नकाशा लटकतो आहे. रेघ सुबक नाही, सेयर्स गिलरेइतका कसबी नव्हताच. पण चित्राने घाव घातला. विधेयक १७ डिसेंबरला लॉर्ड्स सभेत पडले. संसदेतल्या भाषणांपेक्षा सेयर्सच्या चित्रांनी आपले जास्त नुकसान केले, असे फॉक्स म्हणत असे, ही आठवण लॉर्ड एल्डनने सांगितली आहे. पुढे पिटने सेयर्सला सरकारी पदही दिले.

इंग्रजी समीक्षा या चित्राला प्रभावी राजकीय व्यंगाचा नमुना मानते, आणि तो आहेच. पण त्याचा युक्तिवाद नीट पाहावा. विधेयक चांगले की वाईट, बंगालच्या रयतेला त्याने दिलासा मिळेल की नाही, यावर चित्र काहीच बोलत नाही. ते एवढेच म्हणते की फॉक्सला ‘खान’ व्हायचे आहे. हिंदुस्थान हा इथे प्रश्न नाही, तो हुकूमशाहीचा पेहराव आहे. आपल्या लळितात सोंग आले की पाहणारे पोशाखावरून ओळखत, पात्राला नाव सांगावे लागत नसे. लंडनमध्ये पागोटे आणि हत्ती यांनी तेच काम केले.

१३ फेब्रुवारी १७८८ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला उभा राहिला आणि नाटक व राजकारण यांच्यातली उरलीसुरली भिंत पडली. आत जायला तिकीट होते. बर्कच्या जोडीला फिर्यादी पक्षात रिचर्ड ब्रिन्स्ले शेरिडन होता : ‘द स्कूल फॉर स्कँडल’चा कर्ता, ड्रुरी लेन नाटकगृहाचा चालक आणि संसदेचा सभासद. जूनमध्ये अवधच्या बेगमांच्या प्रकरणावर त्याने चार दिवस भाषण केले. तिकिटाचा भाव पन्नास गिनींपर्यंत चढल्याचे सांगितले गेले. शेवटचे वाक्य संपवून शेरिडन बर्कच्या बाहूंत कोसळला.

गिलरेची या काळातली चित्रे दोन्ही बाजूंना चटके देतात. १७८६चे ‘राजकीय दरोडेखोरांचा हिंदुस्थानच्या तारणहारावर हल्ला’ हेस्टिंग्जच्या बाजूने झुकते. तो उंटावर आहे, आणि बर्क, फॉक्स व नॉर्थ त्याच्यावर तुटून पडले आहेत. १ मार्च १७८८च्या चित्रात नेमके उलटे आहे. लॉर्ड चॅन्सेलर थर्लो हेस्टिंग्जला खांद्यावर घेऊन रक्ताचा समुद्र ओलांडतो आहे. हेस्टिंग्जच्या हातांत पैशाच्या थैल्या, आणि रक्तात तरंगताहेत हिंदी माणसांची प्रेते. या प्रकरणावरचे इतके कठोर चित्र माझ्या पाहण्यात दुसरे नाही. ते पाहिल्यावर गिलरेला बेपर्वा म्हणता येत नाही.

तरीही एक गोष्ट डोळ्यांत खुपते. दोन्ही चित्रांत हेस्टिंग्ज हिंदी वेषात आहे. तो नायक असला तरी पागोट्यात, खलनायक असला तरी पागोट्यात. ज्यांच्यावर जुलूम झाला त्यांचा पोशाख जुलमाचा आरोप असलेल्याच्या अंगावर, आणि ज्यांचा पोशाख ते नुसती शवे. अर्कचित्राचा जीव चेहऱ्यात असतो : फॉक्सच्या जाड भुवया, बर्कचा चष्मा, पिटचे टोकदार नाक. ज्याचा चेहरा प्रेक्षकाच्या ओळखीचा नाही त्याचे अर्कचित्र होत नाही. त्याचे सोंग होते, नाहीतर प्रेत.

याचा परिणाम काय झाला, हे सेयर्सच्या ६ मे १७८८च्या चित्रात दिसते. बर्क जादूचा कंदील घेऊन खेळ दाखवतो आहे. कल्याणच्या पटवर्धनांनी पुढे ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने दाखवला तोच प्रकार. पडद्यावर बनारसची पिसू हत्तीएवढी दिसते, बेगमेची चामखीळ डोंगराएवढी. आपण ज्याला राईचा पर्वत म्हणतो, तेच. विनोद चांगला आहे. बर्क भडक बोलायचाच, त्याच्या भाषणांत बायका मूर्च्छित पडायच्या. पण ‘फिर्यादी नाटकी आहे’ या खऱ्या निरीक्षणातून ‘फिर्याद नाटक आहे’ हा निष्कर्ष किती सहज निघतो, ते पाहावे. बनारसच्या चेतसिंगाकडून जबरदस्तीने मागितलेला पैसा, फैजाबादच्या बेगमांचा लुबाडलेला खजिना, या घडलेल्या गोष्टी होत्या. पिसूला चेहरा नसतो, म्हणून ती चिरडली तर कोणी हळहळत नाही.

मराठी वाचकाला यात आणखी एक गोष्ट टोचावी. बर्कने १७८६ साली संसदेपुढे मांडलेल्या बावीस आरोपांत एक स्वतंत्र आरोप मराठ्यांशी झालेल्या युद्धाचा आणि तहाचा होता. राघोबादादाला हाताशी धरून सुरू झालेले आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने थांबलेले ते युद्ध. प्रत्यक्ष खटल्यात मात्र भर राहिला तो बनारस, बेगमा, नजराणे आणि कंत्राटे यांच्यावर. यामागे कायद्याची आणि वेळेची कारणे होती, हे मान्य. पण लुबाडल्या गेलेल्या विधवा राण्या रंगमंचावर उभ्या करता येतात, फौजांच्या हालचाली आणि तहाची कलमे येत नाहीत, हेही तितकेच खरे.

हिंदी चेहरा लंडनला उपलब्धच नव्हता, असे मात्र नाही. १७८१ साली राघोबादादाचा ब्राह्मण वकील हणमंतराव आणि त्याच्याबरोबर मणियार पारशी विलायतेत होते. त्यांची आबाळ पाहून बर्कने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेले, आणि हणमंतरावाला सोवळ्याने स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतले काचघर मोकळे करून दिले. चित्रकारांनी पुढे ज्या बर्कला तुतारीवाला आणि कंदीलवाला केले, तो एका मराठी माणसाचे सोवळे सांभाळण्याइतका हिंदी माणसाच्या जवळ गेला होता. बर्कच्या भाषणांतला आक्रोश समजून घेताना मला हे काचघर त्याच्या अलंकारांपेक्षा महत्त्वाचे वाटते.

यावर आक्षेप येईल की व्यंगचित्रकाराने आपल्या राज्यकर्त्यांना सोलावे, परक्यांची चरित्रे रंगवणे त्याचे काम नव्हे. आक्षेप रास्त आहे. पण गिलरेने एक हिंदी माणूस काढला होता. डिसेंबर १७९१च्या चित्रात श्रीरंगपट्टणहून माघार घेणाऱ्या कॉर्नवॉलिसवर टिपू तटावरून लघवी करतो आहे. म्हणजे जो इंग्रजांना पळवू शकतो त्याला चित्रात हालचाल आणि मस्ती मिळते. जो लुटला जातो त्याला मिळत नाही. हा भेद कौशल्याचा नाही, नजरेचा आहे.

हेस्टिंग्ज २३ एप्रिल १७९५ रोजी निर्दोष सुटला. चार वर्षांनी, २४ मे १७९९ला, शेरिडनने ड्रुरी लेनवर ‘पिझारो’ आणले. मूळ नाटक कोट्सेब्यूचे जर्मन, विषय पेरूवरच्या स्पॅनिश आक्रमणाचा. त्यातल्या रोला या वीराच्या भाषणात हेस्टिंग्जविरुद्धच्या भाषणांतल्या प्रतिमा पुन्हा वापरल्याचे तेव्हाच लोकांच्या ध्यानात आले. नाटक तुफान चालले. ४ जूनला गिलरेचे चित्र आले : स्पॅनिश पोशाखातला शेरिडन आपल्या ‘नव्या पेरूच्या खाणी’तले सोने कवटाळून बसला आहे. मला हे गिलरेच्या मर्मभेदी चित्रांपैकी एक वाटते, कारण इथे त्याने पोशाखाचा धंदाच पकडला. बेगमांचे दुःख आधी न्यायालयात विकले गेले, मग पेरूचे कपडे घालून तिकीटखिडकीवर. फक्त, ते दुःख मुळात कोणाचे होते याची आठवण या चित्रातही नाही.

खटला लंडनमध्ये रेंगाळत असताना, १७९२च्या सुमारास, स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्यात रेसिडेंट मॅलेटच्या आश्रयाने सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांना समोर बसवून रंगवत होता. त्याच परिसरात गंगाराम तांबट मॅलेटसाठी रेखाटने करत होता. वेल्सने काढलेला नानांचा चेहरा लांबट, कृश, ओठ मिटलेले आणि नजर सावध असा आहे. कोणत्याही अर्कचित्रकाराला मोह पडावा असा. इंग्रजाने हिंदी चेहरा समोर बसून, वेळ देऊन पाहिला की तो त्याला नीट दिसत होता.

म्हणून या चित्रांना दाद देताना मी एक कसोटी हाताशी ठेवतो, आणि आजची व्यंगचित्रे पाहतानाही तीच लावतो. चित्र कोणाला हसते हे तर पाहावेच. पण ज्याच्या नावाने वाद चालला आहे, तो माणूस चित्रात कुठे आहे आणि त्याला तोंड दिले आहे का, हेही पाहावे. गिलरे आणि सेयर्स सत्तेला भ्याले नाहीत, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण त्यांच्या चित्रांत हिंदुस्थान सात वर्षे रोज वावरला, आणि त्याच्या बाजूने एकही ओळखीचा चेहरा उभा राहिला नाही. हे त्या श्रेयाच्या शेजारीच नोंदले गेले पाहिजे.